मोर्चातली जागा : न्यूयॉर्क १९१५ ते नागपूर १९४२

१

स्त्रीमुक्तीचा विचार पाश्चात्त्य देशांतून आला, तो आपल्याकडे शहरातील सुशिक्षित सवर्ण स्त्रियांनी आणला आणि दलित स्त्रीपर्यंत तो पोचायला फार उशीर लागला, असे एक विधान आपल्या क्रमिक पुस्तकांतून पुनःपुन्हा केले जाते. त्याच्या जोडीला दुसरे एक विधान आपल्याच माणसांच्या तोंडून ऐकू येते. दलित स्त्रीचा प्रश्न आधी जातीचा आणि भाकरीचा आहे. बाईच्या हक्काच्या गोष्टी हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत. वरवर पाहता ही दोन विधाने परस्परविरुद्ध वाटतात. परंतु दोहोंचा परिणाम एकच होतो. दलित स्त्री इतिहास घडवणारी म्हणून कोठेच उभी राहत नाही. पहिल्या विधानात ती उशिरा आलेली विद्यार्थिनी असते आणि दुसऱ्यात 'जरा थांब' म्हणून दाराबाहेर उभी केलेली बहीण असते.

या दोन्ही विधानांची तपासणी करण्यासाठी मी एका मोर्चापासून सुरुवात करणार आहे. हा मोर्चा आपल्या देशात निघालेला नाही. तो २३ ऑक्टोबर १९१५ रोजी न्यूयॉर्क शहरातील फिफ्थ अव्हेन्यू या रस्त्यावरून निघाला. पंचवीस हजारांहून अधिक माणसे त्यात चालली. मागणी एकच होती : बाईला मत. दहा दिवसांनी, २ नोव्हेंबर रोजी, न्यूयॉर्क राज्यात या प्रश्नावर सार्वमत व्हायचे होते. बाईला मत द्यावे की न द्यावे हे ठरवण्याचा अधिकार मात्र केवळ पुरुषांना होता. त्या पुरुषांपैकी सुमारे साडेपाच लाखांनी 'द्यावे' म्हटले आणि सुमारे साडेसात लाखांनी 'देऊ नये' म्हटले. मागणी पडली. दोन वर्षांनी, नोव्हेंबर १९१७ मध्ये, त्याच राज्यात ती मान्य झाली आणि १९२० साली अमेरिकेच्या राज्यघटनेत एकोणिसावी दुरुस्ती होऊन ती देशभर लागू झाली.

हा मोर्चा निघाला त्या काळात त्याच शहरातील कोलंबिया विद्यापीठात चोवीस वर्षांचा एक महार विद्यार्थी अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र शिकत होता. भीमराव रामजी आंबेडकर हे त्याचे नाव.

२

बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोचले आणि १९१६ च्या उन्हाळ्यात लंडनला गेले. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर काढलेली ही तीन वर्षे आपण सहसा अभ्यासाची तीन वर्षे म्हणून सांगतो. अठरा-अठरा तास वाचन, जुन्या पुस्तकांची खरेदी, पोटाला चिमटा. हे सगळे खरेच आहे. पण विद्यार्थी जेथे शिकतो ते शहरही त्याला शिकवीत असते, ही गोष्ट आपले चरित्रकार फारशी लक्षात घेत नाहीत.

ते शहर त्या वेळी कसे होते? २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल नावाच्या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. बाहेर जाण्याचे दार कुलूपबंद होते. १४६ कामगार मेले. त्यांतल्या बहुतेक परदेशातून पोटासाठी आलेल्या गरीब ज्यू आणि इटालियन कुटुंबांतील तरुण मुली होत्या. या आगीनंतर कामगार स्त्रियांच्या संघटना आणि मताची मागणी करणाऱ्या स्त्रिया यांचे नाते अधिक घट्ट झाले. कारखान्याचा कायदा जे विधिमंडळ करते त्यात आमचे मत नाही, म्हणून आमच्या दाराला कुलूप घालता येते, असा साधा हिशेब त्या मुलींनी मांडला. मत ही त्यांच्या दृष्टीने शोभेची वस्तू नव्हती, जीव वाचवण्याची गोष्ट होती.

त्याच वर्षाच्या मे महिन्यात निघालेल्या मिरवणुकीत पुरुषांची एक छोटी तुकडी प्रथमच चालली. ते शंभराच्या आतबाहेर होते आणि रस्त्यावरच्या लोकांनी त्यांची यथेच्छ टवाळी केली. पुढच्या वर्षी ही तुकडी कितीतरी मोठी झाली. स्त्रियांच्या मताधिकारासाठी पुरुषांनी स्थापन केलेल्या या संघाचा चिटणीस मॅक्स ईस्टमन हा कोलंबियातला, तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांचा विद्यार्थी होता. खुद्द ड्यूई या चळवळीचे उघड पाठीराखे होते. त्यांच्याविषयी एक किस्सा सांगितला जातो. अशाच एका मिरवणुकीत कोणीतरी हाती दिलेला फलक न वाचताच त्यांनी खांद्यावर घेतला आणि बघे का हसताहेत हे त्यांना कळेना. पुरुषांना मत आहे, मग मला का नाही, अशा अर्थाचा मजकूर त्या फलकावर होता! किस्सा खरा असो की रचलेला, ड्यूई कोणत्या बाजूचे होते ते त्यातून स्पष्ट होते. आणि हेच ड्यूई बाबासाहेबांचे गुरू. लोकशाही ही केवळ राज्यकारभाराची पद्धत नसून एकत्र जगण्याची रीत आहे, हा त्यांचा विचार बाबासाहेबांनी पुढे आयुष्यभर जातिव्यवस्थेविरुद्ध वापरला.

मी मालवणच्या महाविद्यालयात हा भाग शिकवीत होते तेव्हा तारकर्लीहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, बाबासाहेब थंय होते काय?" प्रश्न सरळ होता. बाबासाहेब त्या मोर्चात चालले असे म्हणायला आधार नाही, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. आपल्या थोर पुरुषाला प्रत्येक थोर प्रसंगी हजर करण्याची खोड ही पुराणिकांची आहे. ती त्यांच्याकडेच राहू द्यावी. विचारायचा प्रश्न असा, की ज्या प्रश्नावर अवघे शहर रस्त्यावर उतरले होते त्या प्रश्नाचे या विद्यार्थ्याने स्वतःच्या बुद्धीने काय केले?

त्याचे पहिले उत्तर १९१३ सालीच मिळते. न्यूयॉर्कला पोचल्यावर वडिलांच्या एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी असा आग्रह धरला की मुलांच्या शिक्षणाबरोबरच मुलींचे शिक्षण चालले तर आपल्या समाजाची प्रगती किती तरी वेगाने होईल. बावीस वर्षांचा मुलगा सातासमुद्रापलीकडून हे लिहितो. हा विचार त्याला न्यूयॉर्कने दिला असे म्हणता येणार नाही, कारण तो तेथे नुकताच पोचला होता. हा विचार त्याच्याबरोबर बोटीतून गेला होता. त्याच्या मागे जोतीराव आणि सावित्रीबाई उभे होते. १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक जोतीरावांनी अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले होते, हे येथे विसरून चालणार नाही. अमेरिकेकडे पाहण्याची आपली वाट पुण्याच्या गंजपेठेतून गेलेली आहे. ती कोणाकडून उसनी घेतलेली नाही.

३

आता त्या मिरवणुकांकडे पुन्हा वळू. त्यांत कोण कोठे चालत होते?

४ मे १९१२ च्या न्यूयॉर्कमधील मिरवणुकीत घोड्यावर बसलेल्या स्त्रियांमध्ये सोळा वर्षांची एक चिनी मुलगी होती. मेबेल पिंग-हुआ ली. जन्म चीनमधला, वडील न्यूयॉर्कच्या चिनी वस्तीत धर्मोपदेशक. पुढे ती कोलंबियाशी संलग्न असलेल्या बर्नार्ड महाविद्यालयात शिकू लागली. म्हणजे बाबासाहेब आणि ती एकाच परिसरात, एकाच काळात शिकत होते. १९१४ साली तिने चिनी विद्यार्थ्यांच्या मासिकात स्त्रीमताधिकाराच्या अर्थावर लेख लिहिला. १९२१ साली तिने कोलंबियातून अर्थशास्त्राची डॉक्टरेट मिळवली. विषय होता चीनचा आर्थिक इतिहास, विशेषतः शेती. भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिणाऱ्या आणि खोतीविरुद्ध लढणाऱ्या बाबासाहेबांची आठवण येथे कोणालाही होईल.

परंतु या मुलीच्या वाट्याला काय आले? १८८२ च्या कायद्याने चिनी माणसाला अमेरिकेचे नागरिक होता येत नव्हते. तो कायदा १९४३ पर्यंत टिकला. म्हणजे १९१७ साली न्यूयॉर्कच्या स्त्रियांना मत मिळाले, १९२० साली सर्व देशात मिळाले, तेव्हा ज्या मुलीने घोड्यावर बसून ते मागितले होते तिला ते मिळाले नाही. परक्या देशात राहून ती दुसऱ्यांच्या हक्कासाठी चालली, कारण तो हक्क तत्त्वतः आपलाही आहे असे ती मानत होती. तिला मिरवणुकीत पुढची जागा मिळाली. मतदानाच्या रांगेत जागा मिळाली नाही.

दुसरे उदाहरण ३ मार्च १९१३ चे. राजधानी वॉशिंग्टनमध्ये, नव्या राष्ट्राध्यक्षाच्या शपथविधीच्या आदल्या दिवशी, स्त्रियांचा प्रचंड मोर्चा निघाला. आयडा बी. वेल्स ही काळी पत्रकार शिकागोहून इलिनॉय राज्याच्या तुकडीबरोबर आली होती. काळ्या माणसांना झाडाला टांगून मारण्याच्या प्रथेविरुद्ध तिने आयुष्य वेचले होते. गुलामीत जन्मलेली ही बाई. दक्षिणेकडील गोऱ्या स्त्रिया नाराज होतील म्हणून तिला सांगण्यात आले की काळ्या स्त्रियांनी मोर्चाच्या शेवटी चालावे. वेल्सने नकार दिला. मोर्चा सुरू झाला तेव्हा ती तुकडीत दिसली नाही. रस्त्याच्या कडेला गर्दीत उभी राहिली. इलिनॉयची तुकडी समोर आली तशी ती गर्दीतून बाहेर आली आणि आपल्या राज्याच्या स्त्रियांबरोबर चालू लागली.

हा प्रसंग वाचताना आपल्यापैकी कोणाला परका वाटेल? पंगत एकच, पण तुमचे पान वेगळ्या ओळीत. विहीर एकच, पण तुम्ही खालच्या बाजूला. मुक्तीचा मोर्चा आहे, पण तुम्ही मागे. ज्या व्यवस्थेविरुद्ध मोर्चा काढला त्याच व्यवस्थेची रचना मोर्चाच्या रांगेत उतरते.

१७ जून १९११ रोजी लंडनमध्ये राज्याभिषेकाच्या निमित्ताने सुमारे चाळीस हजार स्त्रियांची मिरवणूक निघाली. तीत परदेशी राहणाऱ्या काही भारतीय स्त्रियाही चालल्या. त्यांची छायाचित्रे आज पुष्कळ ठिकाणी छापली जातात. भरजरी साड्या, हाती हत्तीचे चिन्ह असलेला ध्वज. या स्त्रियांचे धैर्य नाकारण्याचे कारण नाही. पण त्या साम्राज्याच्या वैभवाचा भाग म्हणून चालत होत्या, आणि त्या ज्या भारताच्या प्रतिनिधी मानल्या गेल्या त्या भारतात रोजंदारीची बाई नव्हती, महारवाडा नव्हता. परदेशात गेलेला सवर्ण भारतीय आपली जात बोटीत ठेवून उतरतो, हा समज किती भाबडा आहे याचा पुरावा पुढे १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातच नोंदला गेला. भगतसिंग थिंद यांनी नागरिकत्व मागताना, आपण उच्च जातीचे आर्य रक्ताचे आहोत म्हणून गोरे ठरतो, असा युक्तिवाद केला होता. न्यायालयाने तो फेटाळला. वर्णद्वेषाशी झगडताना हाताला लागलेले हत्यार काय, तर जात!

४

या पार्श्वभूमीवर ९ मे १९१६ हा दिवस पाहावा. त्या दिवशी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. तो १९१७ साली 'इंडियन अँटिक्वरी'मध्ये छापला गेला. जातीवरचे लेखन त्याआधीही झाले होते. महाराष्ट्राचेच श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी अमेरिकेत शिकत असताना जातीच्या इतिहासावर पुस्तक लिहिले होते आणि बाबासाहेबांनी निबंधात त्याची आदराने दखल घेतली. पण केतकरांनी जातीची जी दोन लक्षणे सांगितली, म्हणजे जन्माने सभासदत्व आणि जातीबाहेर विवाहबंदी, ती दोन नसून एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत हे त्यांनी दाखवून दिले. जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे.

यापुढची पायरी खरी महत्त्वाची. जातीच्या आतच लग्ने व्हायची तर लग्नाच्या वयाच्या स्त्रीपुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. नवरा मेला तर बाई 'जादा' होते. ती जातीबाहेर लग्न करील ही भीती, आणि जातीतच दुसरे लग्न केले तर एका कुमारिकेचा वर ती घेणार ही अडचण. मग तिचे करायचे काय? तिला नवऱ्याबरोबर जाळायचे, किंवा जिवंत ठेवून सक्तीचे वैधव्य लादायचे. बायको मेलेला पुरुषही 'जादा' होतो. पण त्याला कोणी जाळत नाही. त्याच्यासाठी लग्नाच्या वयात न आलेली पोर आणायची. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढी धर्माच्या उदात्त कल्पनांतून आलेल्या नाहीत. त्या जात टिकवण्याची साधने आहेत. त्यांचे गोडवे गाणारे तत्त्वज्ञान मागाहून रचले गेले.

पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याचे हे विवेचन वाचले म्हणजे एक गोष्ट कळते. आपल्याकडील समाजसुधारकांनी सती, विधवा आणि बालवधू हे प्रश्न कुटुंबाच्या सुधारणेचे म्हणून हाताळले. जात तशीच ठेवून विधवेचे दुःख कमी करता येईल अशी त्यांची समजूत होती. न्यूयॉर्कच्या स्त्रिया बाईला मत मागत होत्या. पण वर्णभेदाची रेघ पुष्कळदा त्यांच्याच रांगेत होती. बाबासाहेबांनी या दोन्हींच्या मुळाशी हात घातला. बाईच्या देहावर पहारा बसवल्याशिवाय जात जगूच शकत नाही, हे त्यांनी दाखवले. मग जात मोडणे आणि बाई मुक्त होणे ही दोन कामे राहतच नाहीत. 'आधी जातीचे, मग बाईचे' असे म्हणणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी हा निबंध पुन्हा एकदा वाचावा.

५

आपल्याकडे मताचा प्रश्न १९१७ नंतर ऐरणीवर आला. १९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली. त्याच समितीने स्त्रियांना मत देण्याची वेळ अजून आली नाही असा निर्णय दिला. त्याविरुद्ध बाजू मांडण्यासाठी मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन या त्याच वर्षी लंडनला गेल्या. परदेशी जाऊन बाईच्या मतासाठी झगडणाऱ्या या मायलेकींचे ऋण मान्य केले पाहिजे. १९२१ साली मुंबईच्या विधिमंडळाने स्त्रियांना मत देण्याचा ठराव केला.

पण कोणत्या स्त्रियांना? मताला मालमत्तेची, शेतसाऱ्याची अट होती. त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आमचा मालवण तालुकाही येत असे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. या जिल्ह्यातील महाराला जमीन नव्हती, असली तर खोताच्या मर्जीची. पुरुष मुंबईला गिरणीत, गोदीत किंवा पलटणीत. बाई गावी. लावणी, कापणी, लाकूडफाटा आणि खोताच्या दारची वेठ तिच्या अंगावर. कर्ली नदीच्या मुखाशी, आज ज्या वाळूवर पर्यटकांच्या छत्र्या लागतात त्या तारकर्लीच्या परिसरातील बाईसाठी १९२१ चा ठराव म्हणजे दुसऱ्याच्या घरचे बारसे होते. बाईला मत मिळाले. या बाईला नाही.

हा फरक ज्याने ओळखला तो माणूस १९२८ साली सायमन कमिशनपुढे उभा राहिला आणि त्याने सरसकट प्रौढ मताधिकार मागितला. मालमत्तेची अट नको, शिक्षणाची नको, स्त्री-पुरुष भेद नको. मे १९२९ मध्ये प्रांतिक समितीच्या अहवालाला जोडलेल्या स्वतंत्र निवेदनातही त्यांनी हीच भूमिका घेतली. निरक्षर माणसाला मत कशाला, असा प्रश्न तेव्हा पुष्कळ मोठे लोक विचारीत होते. १९२८ सालीच मुंबई विधिमंडळात गिरणी-कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. मत आणि रजा यांचा संबंध ट्रँगलच्या मुलींनी ओळखला होता तसाच त्यांनी ओळखला.

२६ जानेवारी १९५० पासून प्रत्येक प्रौढ स्त्रीला मत मिळाले. तरीही पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्यांतून सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गाळावी लागली. त्यांतल्या बहुतेक उत्तरेकडच्या होत्या. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच ओळख त्यांनी नोंदवणाऱ्याला सांगितली होती. स्वतःचे नाव सांगितले नव्हते. हक्क घटनेत आला तरी नाव यादीत यायला आणखी झगडा करावा लागतो.

६

आता आपले मोर्चे पाहू. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्या परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांच्या सभेत स्वतंत्रपणे बोलले. अस्पृश्यतेची खूण सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत टाका, मुलींना शिकवा, असे त्यांनी सांगितले. बायकांनी ते तेथल्या तेथे अमलात आणले. कासोटा खाली सोडणे ही आज किरकोळ गोष्ट वाटेल. पण बाईने काय नेसावे हे ठरवणे हा सवर्णांचा हक्क होता, आणि तो त्या बायकांनी मोडला. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. त्या शेवटी जोडलेल्या नव्हत्या. त्या पहिल्या दिवशी, पहिल्या तुकडीत होत्या.

१९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील आणि घाटावरील हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर गेला. हा मोर्चा कुळांचा होता. पण मागणी होती ती खोताच्या दारच्या वेठीतून सुटण्याची, आणि त्या वेठीचा मोठा भार बाईवर होता. खोती कायद्याने जायला मात्र १९४९ साल उजाडले.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. वीस-पंचवीस हजार स्त्रिया आल्या होत्या. परिषदेने काय मागितले ते नीट पाहावे. घटस्फोटाचा हक्क. बहुपत्नीत्वाला बंदी. गिरण्यांत आणि विडी कारखान्यांत राबणाऱ्या बायकांना पगारी रजा, दुखापतीची भरपाई, म्हातारपणी निवृत्तिवेतन. कायदेमंडळात जागा. हिंदू कोड बिलावरून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. त्या बिलातील महत्त्वाच्या मागण्या त्याच्या नऊ वर्षे आधी दलित स्त्रियांनी ठराव करून मागितल्या होत्या. समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेब याच परिषदेत म्हणाले. लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, त्याच्या बरोबरीने उभे राहावे, दासी होऊ नये, असेही त्यांनी सांगितले.

न्यूयॉर्क १९१५ आणि नागपूर १९४२ ही दोन टोके शेजारी ठेवली म्हणजे पहिल्या परिच्छेदातील दोन्ही विधाने कोलमडतात. दलित स्त्रीला बाईच्या हक्काचे भान उशिरा आले हे खोटे आहे. मत, काम, लग्न आणि जात हे सर्व प्रश्न एकाच परिषदेत मांडणारी ती आपल्याकडील पहिल्या स्त्रियांपैकी होती. आणि तिला केवळ भाकरीचे पडले होते हेही खोटे आहे. तिने भाकरी आणि घटस्फोट एकाच ठरावपत्रात लिहिले.

७

मग हा इतिहास गेला कोठे? येथे सवर्ण इतिहासकारांना दोष देऊन भागणार नाही. १९६४-६५ चा भूमिहीनांचा सत्याग्रह असो, नामांतराचा लढा असो, स्त्रिया तुरुंगात गेल्या, लाठ्या खाल्ल्या, घरे जळताना पाहिली. आपल्याच स्मरणिकांतून पुरुष कार्यकर्त्यांची नावे हुद्द्यांसह येतात आणि शेवटी एक ओळ असते : 'महिलाही मोठ्या संख्येने उपस्थित होत्या.' 'मोठी संख्या' हे कोणाचे नाव नव्हे. मतदारयादीतील 'अमक्याची बायको' आणि स्मरणिकेतील 'मोठी संख्या' यांच्यात फरक तो काय? रत्नागिरीच्या उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढले, तेव्हा आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना शोधून, त्यांच्याशी बोलून त्यांना हे काम करावे लागले. चळवळ संपून दशके लोटल्यावर! काही जणी तोवर निघून गेल्या होत्या.

१९९५ साली बीजिंगला जागतिक स्त्री परिषद झाली आणि २००१ साली डर्बनला वंशवादविरोधी परिषद. दोन्ही ठिकाणी भारतातील दलित स्त्रिया गेल्या आणि त्यांनी जातीचा प्रश्न जगापुढे ठेवला. जात ही आमची घरगुती बाब आहे, असे भारत सरकार डर्बनला म्हणत होते. बाईला मारहाण झाली की नवराही हेच म्हणतो. आपल्याकडे २५ डिसेंबर हा मनुस्मृतिदहनाचा दिवस दलित स्त्री संघटनांनी भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळायला सुरुवात केली, त्यामागेही हाच विचार आहे. ८ मार्चला विरोध म्हणून तो आलेला नाही. आपली तारीख आपण ठरवायची, एवढाच त्याचा अर्थ.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता इंग्लंडमध्ये परिचारिका आहे. ती आमच्याच बाजूच्या बौद्धवाडीतली. तेथल्या एका शहरात ८ मार्चच्या मोर्चात ती गेली. भारतीय स्त्रियांचा एक गट दिसला म्हणून ती आनंदाने त्यांच्यात मिसळली. थोड्या वेळाने एकीने गाव विचारले, मग आडनाव विचारले आणि मग बोलणे हळूहळू थांबले. पुढे ती आफ्रिकी आणि कॅरिबियन परिचारिकांच्या तुकडीबरोबर चालली. फोनवर तिने विचारले, "मॅडम, मी नेमकी कुठल्या फलकाखाली चालायचं?" मी तिला आयडा वेल्सची गोष्ट सांगितली, आणि नागपूरच्या ठरावांची नकल पाठवली.

तिच्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येणार नाही. पण इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, मोर्चा सोडून घरी बसणे हा मार्ग नाही. मागे चाल म्हटल्यावर वेल्स घरी गेली नाही. मत मिळणार नाही हे माहीत असूनही मेबेल ली घोड्यावर चढली. बाईच्या हक्काचा झेंडा सवर्ण स्त्रियांनी धरला आहे म्हणून तो टाकून देणे म्हणजे १९४२ चे ठराव टाकून देणे होय. दुसरी, कोणी देईल ती जागा घेऊन समाधान मानणे हाही मार्ग नाही. मोर्चातल्या जागेचा प्रश्न हा मोर्चाच्या मागणीइतकाच खरा प्रश्न आहे. कारण आज जी रांग रस्त्यावर दिसते तीच उद्या विधिमंडळात, संस्थेच्या कार्यकारिणीत आणि इतिहासाच्या पुस्तकात दिसणार असते.

म्हणून काही साधी कामे आपण ताबडतोब हाती घेतली पाहिजेत. प्रत्येक बौद्धवाडीत सत्याग्रहात, मोर्चात, नामांतराच्या लढ्यात गेलेल्या म्हाताऱ्या बायका अजून आहेत. त्यांची नावे लिहून घ्यावीत. नवऱ्याच्या नावाने नव्हे, त्यांच्या स्वतःच्या. जयंतीच्या वर्गणीच्या यादीत बाईचे नाव असते, कार्यकारिणीच्या यादीत का नसते, हा प्रश्न पुढच्या चौदा एप्रिलला वाडीच्या सभेतच विचारावा. आणि महाविद्यालयात शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांनी ९ मे १९१६ चा निबंध आणि २० जुलै १९४२ चे ठराव एकाच तासाला शिकवावेत. जे एका माणसाच्या बुद्धीने न्यूयॉर्कमध्ये शोधले ते हजारो बायकांनी सव्वीस वर्षांनी नागपुरात मागणी म्हणून मांडले, हे मुलींना कळले पाहिजे. मुलांनाही.